नकार कुणाचा

त्या बाईला धान्य द्यायचं नाही, हे माझं कामच होतं. पडद्यावर ती कडेवर मूल घेऊन कोठाराच्या दारात उभी होती. खाली तीन पर्याय होते. मी तिसरा निवडला, ‘हिला हाकलून द्या.’ तेवढ्यात मागे बशी टेकवल्याचा आवाज आला. सासूबाई चहा घेऊन कधी आल्या होत्या, मला कळलंच नव्हतं.

“पसाभर दिलं आसतंस तर काय बिघडलं आसतं?” त्या म्हणाल्या.

मी व्हिडिओ गेम तपासते, पुण्यातल्या एका कंपनीसाठी, घरी बसून. माहेर नगरजवळच्या केडगावचं. लग्न होऊन संगमनेरजवळच्या या गावात आले, तेव्हा नोकरीही सोबत आणली. खेळ बाजारात येण्याआधी त्याच्या सगळ्या वाटा चालून बघायच्या आणि कुठं काय अडतं ते कळवायचं. या खेळात डोंगरातलं, शत्रूनं वेढलेलं एक गाव होतं आणि खेळणारा तिथला कोठारवाला. माणसं दाराशी येऊन मागतात. द्यायचं, नाकारायचं, की हाकलायचं, ते आपण ठरवायचं. माझ्या वाट्याला दुष्ट वाट आली होती. प्रत्येकाशी वाईट वागायचं आणि शेवटी खलनायकाचा शेवट नीट उघडतो का ते पाहायचं.

सासूबाईंना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हंजी पगार घिऊन वाईट वागतीस,” त्या म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या आणि माझ्या मागं पलंगाच्या कडेला बसल्या. खेळ मराठीतही येणार होता, त्यामुळे संवाद मराठीत होते. चौथीपर्यंत शिकलेल्या सासूबाई अक्षर अक्षर जुळवून ते मोठ्यानं वाचायच्या. “माय, दोन दिस झाले चूल पेटली न्हाई...” एरवी हे वाक्य मी शुद्धलेखनाच्या चुका शोधत वाचलं असतं. त्यांच्या आवाजात ते ऐकलं की माझं बोट माऊसवर अडायचं. मी हाकलून दिलं की मागून एक दीर्घ श्वास यायचा. पाठीला डोळे असल्यासारखी मी ताठ बसलेली असायचे.

घरही त्या दिवसांत ताठच होतं. सासूबाईंचं माहेर भंडारदऱ्याच्या बाजूला. आईवडील गेल्यावर तिथल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांचं आणि धाकट्या भावाचं, अशी दोन नावं लागली होती. मामांना त्या जमिनीवर पर्यटकांसाठी तंबू आणि खोल्या करायच्या होत्या. त्यासाठी बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करून आपला हिस्सा सोडावा, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं भाऊ मागतो आणि बहीण देते. साडीचोळी मिळते, माहेर चालू राहतं. न देणारीला भावाच्या मुळावर उठलेली म्हणतात. सासूबाईंनी फोनवर ‘येते’ असं म्हटलंही होतं. पण दर वेळी काही ना काही निघायचं. कधी गुडघा दुखायचा, कधी अमावस्या असायची.

एक दिवस त्यांनी विचारलं, “आन समद्यांना व्हय म्हनलं तर काय हुतं?”

मी ती वाट उघडून दाखवली. कोठार रिकामं होतं. कोठारवाला उपाशी मरतो. गाव त्याच्या समाधीला हार घालतं.

“हे मला ठाव हाय,” त्या म्हणाल्या. मग माऊसकडं बोट केलं, “ते इकडं दे.”

मी माऊस त्यांच्या हाताखाली सरकवला आणि बाण कसा हलवायचा ते दाखवलं. पहिला मागणारा आला, एक म्हातारा. बाण थरथरत ‘नाही’वर गेला, परत मागं आला, पुन्हा गेला. कळ दाबली गेली. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. सासूबाईंनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

“ह्यो रागावला?”

“रागावतो. पुढं गावात तुमच्याविरुद्ध बोलतो.”

“बोलू दे.”

जेवणवेळेपर्यंत त्यांनी दाराशी आलेल्या एकालाही दाणा दिला नाही. त्यांना मजा येत होती, असं मला वाटत नाही. पूर आलेला ओढा ओलांडताना माणसाचं तोंड असतं, तसं त्यांचं दिसत होतं. उठताना त्या म्हणाल्या, “न्हाई म्हनल्यावर आबाळ कोसळतंय का, ते बघत हुते.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

गणपती उठले आणि त्या आठवड्यात मामा आले. गाडीतून घरच्या तांदळाचं पोतं उतरवलं, बहिणीच्या पाया पडले. नवरा दूध संघात कामावर गेला होता, घरात आम्ही दोघीच. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसलेली पाहून मला वाटलं, निघाल्या सहीला.

“चल आक्का, तालुक्याला अकोल्यात वकील थांबलाय,” मामा म्हणाले.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. “मी सही करनार न्हाई.”

मामा हसले. “मस्करी करू नगं. गाडी चालू ठिवलीय.”

“बंद कर. सही करनार न्हाई म्हनले मी.”

गाडीची घरघर अंगणातून ऐकू येत राहिली. मामांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण त्याच्या जागी काय आणावं, हे त्यांना कळत नव्हतं.

“काय कमी केलं आक्का मी तुला? एक दिवाळी चुकवली का?”

“कमी न्हाई केलंस. पर माझं नाव हाय तिथं. ऱ्हाऊ दे. तुला काय बांधायचं ते तुझ्या हिश्श्यात बांध.”

“तू मला कडेवर घिऊन वाढवलंस. ही तू बोलत न्हाईस.” मामांची नजर फिरली आणि स्वयंपाकघराच्या दारात माझ्यावर येऊन थांबली. “कुनी शिकवलं तुला?”

सासूबाईंची नजर अंगणातल्या गाडीकडं गेली. मला वाटलं, आता या रडतील आणि सही करतील. नाहीतर मामा उठतील, आणि या बाईचं माहेर माझ्या डोळ्यांदेखत तुटेल. मी पुढं झाले.

“मी सांगितलं त्यांना, मामा,” मी म्हणाले. “मी त्यांना सही करू देणार नाही.”

मामांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. त्यांना हवं ते माणूस सापडलं होतं.

“वाटलंच. माझी भन अशी न्हाईच.” ते उठले, बहिणीच्या पुन्हा पाया पडले आणि माझ्याकडं न बघता गेले.

मला बरं वाटलं होतं, हे खरं. जमीनही राहिली आणि भाऊही राहिला. वाईटपणा माझ्याकडं आला, आणि तो मला पेलेल असं वाटलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तोही म्हणाला, “बरं केलंस.”

सासूबाई सुपात ते तांदूळ घेऊन निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तू कशाला मधी पडलीस?”

“तुमचं माहेर तुटू नये म्हणून, आई.”

“आख्ख्या जल्मात येकदा न्हाई म्हनले मी. तेबी तू तुझ्या नावावर करून घितलंस.”

त्या निवडत राहिल्या. त्यानंतर कित्येक दिवस त्या माझ्या खोलीत आल्या नाहीत. चहा यायचा, दाराबाहेर स्टुलावर ठेवलेला असायचा.

नातेवाइकांत बातमी पसरली. नगरच्या सुनेनं म्हातारीला मुठीत ठेवलंय. एका साखरपुड्यात चुलतसासूनं मला ऐकवलंच, “शिकलेल्या पोरी लई हुशार, भावाबहिनीत काडी टाकत्यात.” सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग हातातल्या पेल्याकडं. पडद्यावर मी इतक्या माणसांना दारातून हाकललं होतं, पण कधी घास अडला नव्हता. त्या दिवशी मी ताटावरून उठले.

भाऊबीजेला मामा आले. येतात की नाही, याची सकाळपासून घरात धास्ती होती. मी दिलेलं पाणी त्यांनी तसंच ठेवलं. पाट मांडला, ते बसले. सासूबाईंनी निरांजन लावलं, ताट उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या.

“आदी ऐक,” त्या म्हणाल्या. “त्या दिशी ती खोटं बोलली. तिनं न्हाई शिकवलं. मीच ठरवलं हुतं. तिच्यावरचा राग काढून माझ्यावर धर. आन आता सांग, टिळा लावू का उठतोस?”

मी दारात पुरणाचं भांडं घेऊन उभी होते. नवरा काहीतरी बोलायला निघाला, मी त्याचा दंड धरला. या वेळी कुणीही मध्ये पडायचं नव्हतं. मामा निरांजनाकडं बघत होते. ते उठले नाहीत. मग त्यांनी मान थोडी खाली केली. सासूबाईंनी टिळा लावला, ओवाळलं. मामा अर्धीच पोळी खाऊन उठले. दरवर्षी निघताना ‘ये गं आक्का घराकडं’ म्हणायचे, तेवढं म्हणाले नाहीत.

सातबाऱ्यावर अजून दोन्ही नावं आहेत. मामांनी त्यांच्या बाजूला तंबू ठोकले, तिथं शनिवार-रविवारी गाड्या लागतात म्हणे. पूर्वी आठवड्याला येणारा फोन आता सणालाच येतो. सासूबाई माझ्याशी बोलू लागल्या, पण ते हळूहळू, आधी भाजीपाल्याबद्दल आणि मग बाकीचं.

यंदा पावसाळ्यात त्या कुणाला न सांगता एसटीनं अकोल्याला आणि तिथून पुढं जीपनं माहेरी जाऊन आल्या. संध्याकाळी परतल्या, तेव्हा साडीचा काठ चिखलानं भरला होता.

“भात लई चांगलं आलंय,” त्या म्हणाल्या. “भावजयनं चहा दिला.”

मामा भेटले का, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, “घरात हुता. भायेर आला न्हाई. दारात चपला दिसल्या त्याच्या.”

मग पिशवी माझ्या हातात देऊन त्या पाय धुवायला मोरीकडं गेल्या.