उंबऱ्यावरचा घोट

“आसं टक लावून बघू नगासा. म्या काय गाभण मेंढी हाय व्हय, आत्ता वितीय का मग वितीय म्हून वाट बघायला?”

डोलीना ग्लास हातात धरून बोलली, हेच पहिलं नवल. ह्या दरीत स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या कोंबांची एल, म्हणजे बिअर, पिढ्यान्‌पिढ्या होत आलीय, आणि तिचा पहिला ग्लास पिणारी बाई कधी बोलत नसते. भट्टीच्या उंबऱ्यात उभं राहायचं, डोंगराकडं तोंड करायचं आणि प्यायचं. एल चांगली असली तर तळाचा घोट उंबऱ्यावर सांडायचा. नसली तर ग्लास दगडावर उपडा घालायचा. उपडा घातला की अख्खं पिंप ओढ्यात. त्यावर हुज्जत नाही. आणि तिचं होईस्तोवर दुसऱ्या कुणी पिंपाला ओठ लावायचा नाही.

डोलीनाच्या सासूनं हे काम केलं, सासूच्या सासूनं केलं. सासूनं मरताना हिला एवढंच सांगितलं होतं की आदल्या दिवशी कांदा खाऊ नको आणि पिताना कुणाच्या तोंडाकडं बघू नको. डोलीनानं दोन्ही पाळलं होतं. आज मात्र ती सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती, आणि सगळे तिच्या.

ती ना घोट सांडत होती, ना ग्लास उपडा घालत होती.

“मावशे,” मर्डो हळूच म्हणाला, “कायतरी कर की.”

मर्डो तिच्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक. हिवाळ्यात त्याचा बाप गेला आणि समुद्रात मासे पाळायच्या पिंजऱ्यांवरची नोकरी टाकून हा बापाच्या भट्टीवर येऊन बसला. हे त्याच्या हातचं पहिलंच पिंप. शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाच होता, तिथं तेच फुटायचं होतं. मर्डो घुम्या माणूस, पण एक गोष्ट त्यानं सगळ्यांदेखत सांगून ठेवली होती: हे पिंप ओढ्यात गेलं तर भट्टीला कुलूप, आणि मी परत पिंजऱ्यांवर. म्हणजे आज डोलीनाच्या हातात नुसता ग्लास नव्हता, बहिणीचं पोर होतं.

आणि डोलीनाला त्या ग्लासात जळक्या लोकरीचा वास येत होता.

आता गंमत अशी, की तिला सगळ्यालाच जळक्या लोकरीचा वास येत होता. फेब्रुवारीत ती तापानं आडवी झाली होती. उठली तेव्हा ओटची लापशी जळक्या लोकरीसारखी लागायला लागली. साबण मासळीसारखा. एकदा चुलीवरचा मटणाचा रस्सा करपून कोळसा झाला तरी हिला पत्ता नाही. कुत्री उठून दाराबाहेर जाऊन बसली तेव्हा हिनं भांड्यात डोकावलं. पुढं कधी कधी वास बरोबर यायचा, अर्धा दिवस टिकायचा, परत जायचा. त्यामुळं नाक गेलंय का आहे, हेही तिला धड सांगता येईना. कुणाला बोलली नाही. दरीत गोष्ट एकाला सांगितली की सगळ्यांनाच सांगितल्यासारखी असते.

तर ही एल करपलीय, का नाक करपलंय? तिनं परत चूळभर घेतली, तोंडात फिरवली. जिभेला कडू लागलं, मग गोड लागलं. त्यापलीकडं नाकाचं काम, आणि नाक म्हणत होतं लोकर.

“मेंढ्या बघून येते,” ती म्हणाली आणि ग्लास घेऊन चालू पडली.

मागं लोकांच्यात चर्चा पेटली. टपालवाला वॉटी म्हणाला, तिची डावी भुवई वर गेली, पिंप गेलंच समजा. दुसरा म्हणाला, ती भुवई तर उजवी होती. तिसऱ्यानं आठवण काढली की ज्या साली एल सगळ्यात गोड झाली होती त्या साली बाईनं असंच तोंड केलं होतं. चौथा म्हणाला, त्या साली तिची दाढ दुखत होती. मर्डो पिंपाला टेकून उभा होता.

मेंढ्या राहिल्या वर. डोलीना थेट ईशबेलच्या परड्यात गेली.

ईशबेल तिच्या मेलेल्या नवऱ्याची बहीण. ह्या दोघींचं कधी जमलं नाही. डोलीनानं घोट सांडला की ईशबेल म्हणणार, फिक्कट आहे. डोलीनानं ग्लास उपडा घातला की ईशबेल वर्षभर म्हणणार, सोन्यासारखी एल ओढ्याला पाजली. पण डोलीनानं रस्त्यानं येताना हिशेब केला होता. बाकीच्यांना मी करपट म्हणाले तर करपट लागेल, आणि गोड म्हणाले तर गोड. आख्ख्या दरीत माझ्या तोंडाकडं न बघता स्वतःच्या जिभेनं चव घेणारी एकच बाई आहे, आणि ती नेमकी ही आहे.

ईशबेल बटाट्याच्या सऱ्यांना माती लावत होती. तिनं मान वर केली नाही.

“आज कसं येणं केलंस? कोण मेलं?”

“माझं नाक मेलंय,” डोलीना म्हणाली, आणि तापापासून लोकरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. मग ग्लास पुढं केला. “पी. आणि खरं सांग. उलटं नगं, सुलटं नगं. हाय तसं सांग.”

ईशबेलनं हात लुगड्याला पुसावेत तसे एप्रनला पुसले. ग्लास घेतला, थोडी प्यायली. मग डोलीनाच्या तोंडाकडं बघत राहिली. बघतच राहिली.

“आगं माझ्याकडं काय बघतीस?”

“मग कुठं बघू?” ईशबेल ओशाळली होती. तिला ओशाळलेलं डोलीनानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. “मला त्यातलं कवाच काय कळलं न्हाय, डोलीना. म्या तुझं तोंड बघायची आन उलटं बोलायची. आज तुझ्या तोंडावर कायच न्हाय, तर म्या काय बोलू?”

डोलीना सरीच्या कडेला बसली. एवढी वर्षं ती जिच्या जिभेवर चिडून होती, ती जीभ नव्हतीच. म्हणजे दरीत एकच नाक होतं, आणि ते कुठं गेलं ते नाकवालीलाच ठाऊक नव्हतं. हसावं का रडावं ते तिला कळेना, म्हणून तिनं बटाट्याच्या पाल्यावरचा एक किडा चिरडला.

मग म्हणाली, “माझ्याकडं पाठ कर.”

“काय?”

“पाठ कर आन पी. चांगली का वंगाळ ते सांगू नगं. काय आठवतं तेवढं सांग.”

ईशबेलनं पाठ केली. प्यायली.

“हसशील तू.”

“न्हाय हसत.”

“संत्रं. नाताळात आई भेट म्हून मोज्यात घालायची ते. खाऊन झालं की म्या साल उशीखाली ठेवायची. त्या सालीवानी लागतंय.”

डोलीना हसली नाही.

स्प्रूसला संत्र्याची चव नसते. स्प्रूस राळेसारखा, जरा आंबटसर. संत्र्यासारखा असतो तो डग्लस, तसाच दिसणारा दुसरा सूचिपर्णी.

ह्या पिंपासाठी कोंब तोडायला तीच गेली होती, तो दिवस तिला आठवला. धुकं असं की पुढं चालणारी कुत्री दिसेना. तिला काय, पाय वाट ओळखत होते: मेंढ्यांचा कोंडवाडा, मग फाटक, फाटकातून डावीकडं. पण हिवाळ्यात लाकूडतोड झाली होती, कुंपण सरकलं होतं, आणि कुंपणाबरोबर फाटकही सरकलं असणार. ती सरकलेल्या फाटकातून डावीकडं वळली आणि दुसऱ्याच झाडांच्यात शिरली. एरवी पहिला कोंब बोटात चुरडून हुंगायची, दातांत धरायची. ह्या वर्षी हुंगून काय, लोकरच. पोतं भरून खाली आली. स्प्रूस हाताला टोचतो, तो त्या दिवशी टोचला नाही, तेव्हा ती मनात म्हणाली होती, चला, म्हातारपणी कातडं तरी राठ झालं, बरं झालं.

“मग?” ईशबेलनं विचारलं. “वंगाळ हाय का?”

तेच तर. डग्लस काही विष नाही, दरीतली माणसं त्याचा चहा करून पितात. एल नासली नव्हती. पण ती ह्या दरीची एलही नव्हती. सासूनं सांडायचं सांगितलं होतं, उपडं घालायचं सांगितलं होतं. नासलीही नाही आणि आपलीही नाही, तर काय करायचं, ते सांगितलं नव्हतं. डोलीनानं डोंगराकडं बघितलं.

दोघी भट्टीवर आल्या. त्या दोघींना एका वाटेनं येताना बघूनच लोकांची बडबड बंद झाली.

डोलीना उंबऱ्यात उभी राहिली, पण तोंड लोकांकडं करून. “माझं नाक गेलंय,” ती म्हणाली. “फेब्रुवारीपास्नं. मर्डो, तुझं पिंप नासलं न्हाय. तुझ्या हाताला दोष न्हाय. म्या झाडं चुकले. ह्यात स्प्रूस न्हाय, डग्लस हाय.”

वॉटीनं टोपी काढली, आणि का काढली ते न कळून परत घातली.

“मग सांडायचा का उपडा घालायचा?” मर्डोनं विचारलं.

“मला काय इचारतोस? तुला त्वांड न्हाय व्हय? पी.”

हे दरीत कधी झालं नव्हतं. ग्लास भरले गेले, पण आधी कोण पिणार? प्रत्येक जण शेजाऱ्याच्या घशाकडं बघत राहिला. शेवटी सगळे एकदमच प्यायले, थंड पाण्यात पोरं हात धरून उडी मारतात तसे. वॉटी म्हणाला, चांगली आहे, बहुतेक. दुसरा म्हणाला, औषधासारखी आहे, पण चांगल्या औषधासारखी. एकानं दुसरा ग्लास मागितला, नक्की करायला. कुणाचं कुणाशी जुळेना.

मर्डो सगळ्यात शेवटी प्यायला. सावकाश, डोंगराकडं बघत.

“मला कळंना,” तो म्हणाला. “पर ओढ्यात घालावं आसं वाटंना.”

त्यानं तळाचा घोट उंबऱ्यावर सांडला. सांडून झाल्यावर बरोबर केलं का म्हणून मावशीकडं बघितलं. मावशी मुद्दाम दुसरीकडं बघत होती.

“वरच्या अंगाला कोंब आजून कोवळं आसतील?” त्यानं विचारलं.

“कशाला?”

“दुसऱ्या पिंपाला. ह्या वेळंला स्प्रूस पायजे.”

डोलीनानं खुंटीवरचं पोतं काढलं. ते झटकलं. ईशबेल म्हणाली, ह्या बाईला एकटीला सोडलं तर कुंपणाचे खांब तोडून आणील, मी जाते. कुणी हसायच्या आत ती वाटेला लागलीही होती.

कोंडवाडा ओलांडला. फाटक आलं. डोलीना थांबली, जुन्या फाटकाचा दगड शोधला, तिथनं डावीकडं वळली. पहिल्या झाडाला हात घातला आणि हात मागं घेतला. टोचलं.

तिनं कोंब तोडून ईशबेलच्या तळहातावर ठेवला.

“चाव. संत्रं लागलं तर थुक.”

ईशबेल चावत राहिली. तोंड वाकडं झालं. ती थुंकली नाही. डोलीनाच्या तोंडाकडं बघायला लागली.

“पाठ कर,” डोलीना म्हणाली, आणि पोत्याचं तोंड उघडून तोडायला लागली.