आत्याचा तांब्या आणि आमचं वायफाय

भूत, भानामती, करणी... यातलं काहीही मी मानत नाही. लातूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, उतरवून टाकलेलं लिंबू मुलांसमोर कापून सरबत करून पितो. तरीही हे लिहितोय, कारण बायको म्हणाली, तुम्ही नाही लिहिलं तर मी लिहीन... आणि ती तिखटमीठ लावल्याशिवाय राहणार नाही.

आमचं घर क्लासेसच्या भागात. गल्लीत घरं कमी, होस्टेलं जास्त. घरात मी, बायको, मुलगी प्रज्ञा आणि माझी आत्या. आत्या औशाकडची. भूकंपात तिचं घर बसलं, तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. फळीवर स्टीलचा पेला पालथा घालायचा आणि त्यावर तांब्या डळमळता ठेवायचा, ही तिची तेव्हापासूनची सवय. जमीन जरा हलली की तांब्या पडतो आणि आपण बाहेर पळायचं. त्या काळी बऱ्याच घरांत असं करत. बाकीच्यांनी सोडलं, आत्याने नाही. तांब्या पडला की आम्ही अजूनही पळतो, कारण न पळणाऱ्याला ती आठवडाभर बोलते.

गेल्या उन्हाळ्यात घरी वायफाय घेतलं. एका क्लासच्या वरच्या बॅचसाठी प्रज्ञाची ऑनलाइन परीक्षा होती. मधेच नेट गेलं तर पेपर बंद, पुन्हा संधी नाही. पोरगी त्यासाठी वर्षभर राबली होती.

आणि तांब्या पडायला लागला — रोज, दिवसाढवळ्या! भूकंपाची बातमी कुठेच नाही. आम्ही पळत बाहेर यावं, तर दर वेळी आमच्या खिडकीखाली कुणीतरी पोरगं मोबाइलवर लेक्चर बघत बसलेलं. लोह्याच्या वैभवला हटकलं, तर तो सरळ म्हणाला, "सर, तुमचंच नेट वापरायलो. काकूंनीच पासवर्ड दिला की." बायकोचं म्हणणं, दारात आलेल्याला पाणी देतो तसंच दिलं. वैभवने ते पुढे अख्ख्या होस्टेलला पाजलं होतं.

मग मी प्रयोग सुरू केले. आमचे फोन वायफायला जोडले, तांब्या ढिम्म. वैभवचा जोडला — ठण्ण! राउटर आतल्या खोलीत नेला, तरी तेच. माझी मती गुंग झाली. बायको मात्र खूश, घरबसल्या राखणदार मिळाला म्हणून.

पासवर्ड बदलून माझा मोबाइल नंबर ठेवला. शिकवणाऱ्या माणसाचा नंबर गल्लीत कुणाकडे नसतो? पुन्हा ठण्ण. मग लांबलचक, अक्षरं-आकडे मिसळलेला ठेवला. तरी ठण्ण! शेवटी राउटरची सेटिंग नीट उघडून बघितली तेव्हा उजेड पडला. सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड दुकानातून आला तसाच होता, 'ॲडमिन'. कुण्या हुशार पोराने मधल्या काळात आत शिरून गेस्ट वायफाय चालू करून ठेवलं होतं. मी पुढच्या दाराची कुलपं बदलत होतो आणि मागचं दार सताड उघडं. ते बंद केलं, ॲडमिनचा पासवर्डही बदलला. पोरांना सांगितलं, पेपर झाला की तुमच्यासाठी वेगळं गेस्ट वायफाय मीच चालू करतो.

परीक्षेच्या सकाळी प्रज्ञा लॅपटॉप घेऊन बसली, शेजारी आत्या. पेपर अर्ध्यावर आला... आणि ठण्ण!

मी आणि बायको सवयीने बाहेर. गल्लीत चिटपाखरू नाही. मोबाइलवर राउटर तपासला, तर माझा फोन आणि प्रज्ञाचा लॅपटॉप, तिसरं कुणीच जोडलेलं नाही. मग लक्षात आलं, त्या दोघी बाहेर आल्याच नाहीत. खिडकीतून पाहिलं. प्रज्ञा मान खाली घालून पेपर सोडवत होती आणि आत्या तिच्या पाठीवर हात ठेवून जागच्या जागी बसली होती. मला तिथंच उन्हात रडू आलं.

प्रज्ञाला ती बॅच मिळाली. वैभवच्या होस्टेलनेच आमच्या दारात जिलेबी वाटली, आत्याने तीनदा घेतली. पण आमचा तांब्या परक्या फोनला का पडायचा आणि त्या सकाळी कोणासाठी पडला, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाला शास्त्रीय कारण सुचलं तर जरूर कळवा. आत्याला विचारलं, त्या दिवशी कोण आलं होतं? तिला ठाऊक नव्हतं. मग एवढी वर्षं पळणारी तू, बसून कशी राहिलीस?

"पोरगी उठली न्हाई," ती म्हणाली, "मग मी कशाला पळू?"