कावळा शिवला नाही ते बरंच झालं

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानवतच्या शाळेत नववीच्या पोरांना पेशी शिकवत होते. हातातला खडू हातातच राहिला... आणि डोळ्यांत पाणी यायच्या आधी तोंडातून निघालं, "मेल्यानं खाल्लं गं तिला!" मेला म्हणजे तिच्या संशोधनाचे प्रमुख, आमचे थोर सर. ती हृदयविकारानं गेली, हे मला कळतं. तरी राग जात नाही, आणि जावा असंही वाटत नाही.

शैला माझी लहानपणापासूनची मैत्रीण. सोनपेठकडं पावसाळा सरता सरता खुरपायला जाणाऱ्या बायकांना ताप यायचा, काही केल्या उतरायचा नाही. अंगावर बिडीचा चटका बसावा तसा एक काळा डाग असायचा, पण तो छातीखाली, नाहीतर जांघेत. पुरुष डॉक्टरला कोण दाखवणार? शैला त्यांच्या न्हाणीपाशी जाऊन बसायची. "अगं, मीबी बाईच हाय की, दाव," म्हणायची. मग बांधावर पिंजरे लावून उंदीर धरायचे आणि त्यांच्या कानातले बारीक किडे चिमट्यानं काढायचे. हा ताप त्या किड्यांच्या चावण्यानं येतो, हे आमच्या भागात तिनं दाखवून दिलं. लोक तिला उंदीरमावशी म्हणायचे. "डॉक्टरेटपेक्षा लय भारी पदवी हाय ही," म्हणून ती खदखदून हसायची.

सर एकदाही बांधावर फिरकले नाहीत. शोधनिबंध छापून आला तो मात्र त्यांच्या नावावर. शैला कुठं? शेवटी, आभारात, 'स्थानिक सहकारी' म्हणून... नावसुद्धा नाही! "भांड की त्यांच्याशी," मी म्हणाले. "ताप तर कळला ना लोकांना," एवढंच बोलली. पण तेव्हापासून ती खचत गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसून राहिला, खाली येईना. तिचा भाऊ म्हणाला, "आक्का, आईला मी सांभाळतो." तरी येईना. मग पांढरेशुभ्र कपडे घालून आलेले सर पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "शैला, तुझं काम मी पुढे नेईन." तसा होता तो कावळाही उडून गेला! खरं सांगते, मला हसू फुटलं. सगळ्यांदेखत मी म्हटलं, "सर, पुढं नेऊ नका. नेलेलं आधी परत करा." त्यांचा चेहरा असा पडला की काय सांगू... मला लय बरं वाटलं.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. बाईचा जीव अडकला म्हणून लोक हळहळले. मी नाही हळहळले. त्या खुरपणाऱ्या बायका माझ्याबरोबर सरांच्या दारात बसायला तयार आहेत, आणि निबंधावर तिचं नाव लागल्याशिवाय आम्ही उठणार नाही. तोवर शांत होऊ नकोस, शैले. अडून बस. मीबी हटत न्हाई.