अंगठ्याच्या रेघा

मी जिथं भांडी घासते तिथल्या वहिनींनी माझा फोन जेवनाच्या टेबलावर ठेवला, प्लेटींच्या मधी, आन स्पीकर लावला.

"ऐका गं सगळ्याजणी," त्या मैत्रिणींना म्हनल्या. "आधी रेकॉर्डेड मेसेज येतो. अगदी सिनेमातल्यासारखं!"

आला मेसेज. हा फोन जेलातून हाय. आधी तेलुगूत, मग हिंदीत. बाया हसल्या. एकीनं दुसरीला टाळी दिली. मी सिंकपाशी, हात कोपरापातुर साबनात, आन तिकडून माझा नवरा बोलाया लागला. त्याला काय माहीत कोन ऐकतंय. त्याच्या मागं लाइन असती, पाचच मिनिटं भेटतात, तो हॅलो बी म्हनत नाई.

"लेकरू पितंय का गं? दूध उतरलं का? छाती दुखती म्हनली होतीस, अजून दुखती? कपडा गरम करून लावतीस ना?"

मी धावत टेबलापाशी गेले. वहिनींनी ओठावर बोट ठेवलं. गप. त्याला बोलू दे.

आन मी गप बसले. सांगाया लाज वाटती, पन बसले. लेकरू शेजारनीपाशी सोडून चार तास झालते, नवऱ्याचा आवाज कानावर आला तसा माझा ब्लाउज समोरून भिजाया लागला, आन त्या सगळ्या बघत होत्या. एक म्हनली, "ओ माय गॉड." तोंडात तिच्या केक होता. तो केक मला अजून दिसतो, चावलेला, गुलाबी.

तिकडं तो हॅलो, हॅलो करत राहिला. मग फोन कटला.

त्याचे पैसे गेले. मी जेलाच्या खिडकीवर त्याच्या नावानं पैसे भरते, त्यातून फोनचे कटतात. इकडं उचलला की कटाया सुरू. मेसेज वाजतो त्याचे बी, बाया हसल्या त्याचे बी, मी गप बसले त्याचे बी. नाई उचलला तर त्याची पाळी गेली, मग चार दिवस काई नाई. मला तिकडं लावता येत नाई. कोठी बाजारातल्या गोडाऊनमधून माल चोरीला गेला, चावी त्याच्यापाशी होती, म्हनून पोलिसांनी त्याला नेलं. केस अजून उभी राहिली नाई. लेकराला त्यानं हातात घेतलं नाई, नुसतं फोनवर रडताना ऐकलंय.

आन फोन वहिनींच्या हातात कसा? त्या घरात कामवालीचा फोन चपलांच्या वरच्या टोपलीत. आत न्यायचा नाई. वाजला तर त्या बघनार. वर सिमकार्ड त्यांच्याच नावाचं. सिमच्या दुकानात माझा अंगठा मशीनला लागंना. भांडी घासून घासून रेघाच गेल्या. तवा वहिनी म्हनल्या, "माझं जुनं सिम पडलंय, घे." लई चांगल्या वाटल्या मला. तोच नंबर जेलात लिहून दिला.

बाया गेल्यावर त्या म्हनल्या, "आजचा अर्धा तास पगारातून कापते हं. फोनमुळे काम अडलं. आणि असलं काय बोलता गं तुम्ही लोक फोनवर? शी!"

शी.

त्यांचे खरकटे चमचे माझ्या हातात होते. मी सिंकमधी ठेवले. खरं सांगते, मी भित्री हाय, वॉचमननं हाक मारली तरी दचकते. पन बांगडीत अडकवलेली पिन काढली, फोनातून सिम काढलं, आन टेबलावर ठेवलं. केकाच्या चुऱ्यात.

"हा घ्या तुमचा नंबर."

"अगं, मग हे माझ्या फोनात घातलं आणि त्याचा फोन आला तर मी काय करू?"

"उचलू नका. उचलला की त्याचे पैसे कटतात."

जिन्यात आले आन कळलं काय केलं ते. आता तो लावत राहनार, वाजत राहनार, त्या घरात. त्याला वाटनार मी मेले. नाईतर सोडून गेले. बारा मजले रडत उतरले. पन परत वर गेले नाई.

अंबरपेठेत सिमवाल्यानं माझा अंगठा उलटा करून बघितला.

"क्या अम्मा, लकीरां कां गए?"

"बर्तनां में."

तो हसला नाई. "आठ दिन साबन को हात नक्को लगाओ. तेल लगाओ. फिर आव."

आठ दिवस. काम नाई. भात आन पातळ चारू, चिंचेचं आंबट पानी. लेकराचे कपडे शेजारीन धुवायची. मी अंगठ्याला खोबरेल चोळायची आन उजेडात बघायची, आली का, आली का. नवव्या दिवशी तीनदा दाबला. तिसऱ्यांदा मशीन वाजलं.

माझ्या नावाचा नंबर घेऊन जेलाच्या खिडकीवर गेले. लेकरू कडेवर.

"नया नंबर? पहले पूछताछ होती. पंद्रा दिन."

"तब तक?"

"तब तक चिठ्ठी लिखो."

मी चौथी शिकले. लिहिलं तिथंच, बाकावर, मोठ्या वाकड्या अक्षरात. तुझा फोन दुसरीनं ऐकला. मी गप बसले. पुन्ना नाई बसनार. नंबर बदललाय. थांब.

पंधरा दिवस झाले नाईत अजून. काल नव्या घरी काम मागाया गेले. बाईनं दारातच टोपली दाखवली.

मी म्हनले, फोन माझ्या कमरेला राहील. वाजला की नळ बंद करीन, हात पुसीन, बाहेर जिन्यात जाईन. पाच मिनिटं. त्याचे पैसे आमी भरलेत. तुमाला बी पगारातून कापायचे असतील तर आत्ताच सांगा, मी आत्ताच जाते.

"बाप रे," ती म्हनली, "काम मागायला आलीस की हुकूम सोडायला?"

मी म्हनले, आन हातमोजे लागतील. अंगठा पुन्ना देनार नाई.

ती विचार करत होती. मी तवर चपला काढल्या नाईत.