शिरीनखानम नाही म्हणाल्या

कथा वाचून झाली की शिरीनखानम आमच्या हातात पेन्सिली द्यायच्या. कथेतली बाई स्वतःच्या तोंडानं जेवढं बोलली असेल तेवढ्याच वाक्यांखाली रेघ मारायची आणि मग फक्त तेवढंच मोठ्यानं वाचायचं. अख्ख्या कथेत बाईचं लग्न होतं, सवत येते, सवतीची खोलीसुद्धा तीच सजवते. आणि हाती काय लागायचं? "चहा आणू?" "बरं." "मुलं झोपलीत." संपलं! पहिल्यांदा मला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा नाही आलं.

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या लायब्ररीत शनिवारी आम्हा पाचसहा बायकांचा हा वाचनगट भरायचा. शिरीनखानम तेहरानच्या कॉलेजात फारसी कथा शिकवायच्या आणि मुलाच्या नोकरीमागे नवऱ्यासोबत इकडे आलेल्या. आजच्या इराणी लेखिकांच्या कथा त्या स्वतः इंग्रजीत उतरवून, प्रिंट काढून आणायच्या. खाडीपलीकडच्या डार्टमथहून फेरीबोटीनं यायच्या आणि विस्कटलेले पांढरे केस तसेच ठेवून खुर्चीत बसायच्या. "केसांना वारा लागायला फार उशीर झाला," म्हणायच्या, "आता विंचरून घालवू कशाला?"

मी नागपूरची, तोंडाची फटकळ. "बाप्पा! पण ही बाई उठून जात का नाही?" मी तावातावानं विचारायची.

"कुठं, मेधाजान? तू पत्ता दे, मी तिला कळवते."

मग त्या समजावत. "मारहाणच शोधत बसू नकोस. आमच्या कथांतला जुलूम पुष्कळदा फार सभ्य असतो. तो बाईला बसायला चांगली खुर्ची देतो आणि तिच्या वतीनं स्वतः बोलतो."

त्यांचे यजमान बहरामसाहेब असेच सभ्य होते. बायकोची पिशवी उचलत, कोटाची बटणं लावून देत. मी शिरीनखानमना "कशा आहात?" विचारलं की "आज बरी आहे ती," असं तेच सांगत. त्यांचा राग धरावा असं काही सापडायचं नाही, आणि मला त्याचाच राग यायचा.

मग शिरीनखानमना पोटाचा कॅन्सर निघाला. हिवाळा सरता सरता डॉक्टरांनी केमो थांबवली. बहरामसाहेबांनी ठरवलं की आता इराणात यझ्दला जायचं, आपल्या आईच्या घरी. तिथं बहिणी आहेत, करायला माणसं आहेत. लग्नानंतर, तेहरानला जाईपर्यंत, शिरीनखानम त्याच घरात राहिल्या होत्या. सासूबाई त्यांची पुस्तकं कोळशाच्या खोलीत टाकत आणि तिथल्या कॉलेजातून यायला उशीर झाला तर दार उघडू देत नसत.

"मला त्या घरात मरायचं नाही," त्या मला म्हणाल्या. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. "मला घरात कुणी विचारलेलंच नाही. तू जेवायला ये, आणि सगळ्यांसमोर विचार."

मी गेले. मुलगा होता, सून होती, केशरी भात होता. मी आडवळण घेतलंच नाही. "शिरीनखानम, तुम्हांला जायचंय का यझ्दला?"

"नाही," त्या स्पष्ट म्हणाल्या.

बहरामसाहेब प्रेमानं हसले. "तआरुफ करतेय. मला दगदग नको म्हणून." तआरुफ म्हणजे त्यांच्याकडची रीत. आपल्याकडे पंगतीत जिलबीला आधी "नको, नको" म्हणतात ना, तसंच. मनात असलं तरी शिष्टाचार म्हणून आधी नाही म्हणायचं.

"नाही, बहराम. मला इथंच राहायचंय."

"बघा, अजून माझाच विचार!" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. सुनेनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. मुलगा म्हणाला, "मॉम, डॅडना काही त्रास नाही होणार."

"नाही," शिरीनखानम तिसऱ्यांदा म्हणाल्या. आवाज बसला होता. बहरामसाहेबांनी त्यांच्या ताटलीत भात वाढला.

"अहो, त्या खरंच नाही म्हणताहेत!" मी जवळजवळ ओरडलेच. सगळे माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसले. मैत्रीण जाणार म्हणून हिला वाईट वाटतंय, असं ते हसू होतं.

निघताना दारात मी त्यांना म्हटलं, "भांडा ना! ताट भिरकावून द्या! मी येते तुमच्या बाजूनं."

भिंतीला टेकून त्या दम खात होत्या. "कथेतल्या बायकांवर मीही अशीच चिडायचे, जान. तेव्हा मला उभं राहता येत होतं."

आठवड्याभरानं ते गेले. एअरपोर्टवर व्हीलचेअर बहरामसाहेबच ढकलत होते. शिरीनखानमच्या डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला होता. त्यांनी मुद्दामच मागं वळून पाहिलं नाही, की मान वळवण्याइतकी ताकदच उरली नव्हती, मला सांगता यायचं नाही.

मे महिन्यात ऑफिसात असताना बहरामसाहेबांचा मेसेज आला. शिरीन शांतपणे गेली, आपल्या माणसांत, जशी तिची इच्छा होती तशी. मी वॉशरूममध्ये जाऊन पोटभर रडले. मग डोळे पुसून लिहिलं: "त्यांची ही इच्छा नव्हती. त्या तीनदा नाही म्हणाल्या होत्या. मी समोर होते."

लगेच उत्तर आलं: "हो ना. शेवटच्या दिवसापर्यंत नाहीच म्हणत होती. इतकी विनयशील बाई मी दुसरी पाहिली नाही."