मूळ प्रतीत नसलेली चार वाक्ये

१९८४ सालच्या एप्रिलमध्ये रत्नागिरीत छापून झालेल्या एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर मूळ हस्तलिखितात नसलेली चार वाक्ये आली आणि मूळची दोन गेली. पान एकशे शहात्तर. प्रुफे मी तपासली होती.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागून तीन वर्षे झाली होती. छापखान्याचे स्वतःचे साप्ताहिक होते. उरलेल्या दिवसांत लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, क्वचित एखादे पुस्तक. प्रूफ तपासायला दोन माणसे लागतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. दुसऱ्याने प्रुफावरून नजर न हलवता चुका काढायच्या. आमच्याकडे मूळ प्रत वाचणारे गृहस्थ जानेवारीत आजारी पडले आणि परत आले नाहीत. मालकांनी दुसरा माणूस घेतला नाही. "तू एकटी कर, सावकाश कर," असे ते म्हणाले. यंत्राच्या खडखडाटात सावकाश काही होत नसे, म्हणून दुपारी प्रुफे घरी न्यायची परवानगी मिळाली.

आई आणि मी एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. आई दुपारी शिवणाच्या वर्गावर असे. माझ्या टेबलासमोर खिडकी होती आणि तिच्यासमोर शेजारच्या घराची खिडकी. मध्ये बोळ, हात लांबवला तर पलीकडच्या गजाला लागे, इतका अरुंद. त्या खिडकीत वहिनी बसत.

शेजारच्या घरची ही सून माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. माहेर बुरोंडीचे, मॅट्रिक झालेली. नवरा मालवाहू जहाजावर, एका खेपेला नऊ-दहा महिने बाहेर. आदल्या नोव्हेंबरात वहिनी घरात न सांगता एसटीने माहेरी गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी वडिलांनीच त्यांना आणून सोडले. तेव्हापासून सासू-सासरे बाहेर पडताना दाराला बाहेरून कुलूप घालत. मोहोर धरल्यावर ते दोघे रोज भाट्याची खाडी ओलांडून आपल्या आंब्याच्या कलमांवर जाऊ लागले. अकराला कुलूप लागे, साडेपाचला निघे. आळीत हे सर्वांना माहीत होते. काळजीपोटी करतात, असे सांगितले जाई.

वहिनींना घराबाहेरचे जे काही मिळत असे ते त्या खिडकीतून मिळे. सासऱ्यांना ते पसंत नव्हते. खिडकी जांभ्याचे चिरे लावून बुजवायची, असे ते दोनदा म्हणाले होते. एकदा माझ्या आईसमोर.

कादंबरी एका निवृत्त मुख्याध्यापकांची. नवरा मुंबईला गिरणीत, बायको गावी सासरी, असा विषय. फेब्रुवारीत गॅली प्रुफे, म्हणजे पाने पाडण्याआधीचे छापील लांब कागद, येऊ लागली. पहिल्या दिवशी मी एकटीच एक ओळ हस्तलिखितातली मोठ्याने वाचायची, मग प्रूफ बघायचे, असे करत होते. समोरून आवाज आला.

"पुढे काय झालं गो तिचं? एकेक ओळ काय वाचत्येस, शेंगा सोलल्यासारखी."

मी काम समजावून सांगितले. वहिनी म्हणाल्या, "मग ते कागद मला दे की. बुरोंडीच्या शाळेत धडा वाचायला मलाच उभी करायचे."

हस्तलिखिताची पाने गुंडाळी करून गजांतून जात. त्या दिवसापासून मी दहा-दहा पाने देऊ लागले. वहिनी वाचत, मी प्रूफ बघे. त्या स्पष्ट वाचत. विरामचिन्ह एकही सोडत नसत. छापखान्यात कोणाला मी हे सांगितले नाही.

थोड्याच दिवसांत त्या वाचता वाचता थांबून मत देऊ लागल्या. मी सुरुवातीला हूं म्हणून सोडून देत असे.

"सोळा पानांत चार वेळा हिचे डोळे पाणीदार. बाईला हातपाय आहेत की नाहीत?"

"पुढे येतील."

"पुढे म्हणजे तिरडीवर?"

दुसऱ्या एका दिवशी त्यांनी पान खाली ठेवले. "सासू मारलीन बघ. चाळिसाव्या पानावर! नशीब काढलंन हिने." मग पुन्हा उचलून, "मेली, स्वल्पविराम," असे पुढे वाचले.

कादंबरीतला नवरा मुंबईहून लांबलचक पत्रे लिहितो. त्यावर आमचा वाद झाला. मला ती पत्रे खरी वाटली होती. वहिनींचे म्हणणे, कामावरून दमून आलेला माणूस असे लिहीत नाही. "आमच्या ह्यांचं येतं त्यात हवामान असतं. एडनला ऊन आहे. इथे वारा आहे. प्रकृतीस जप. संपलं."

"पण त्यांना लिहायचं असेल, जमत नसेल."

"तू अजून लग्न केलं नाहीस," वहिनी म्हणाल्या. "वाच पुढे. नाही, मीच वाचत्ये."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची पाने आली. त्या दिवशी साडेपाच होऊन गेले, दाराशी सासऱ्यांचा खोकला ऐकू आला, आणि दहा पाने वहिनींकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेल्यावर मी खिडकीत बसले तेव्हा त्यांनी ती पुढपर्यंत वाचून ठेवलेली होती.

"भाऊ न्यायला येतो. ही म्हणते, मी इथेच बरी. कोणी विचारलं हिला?"

"भावाने विचारलं की."

"भावाने विचारलंन. लिहिणाऱ्याने कुठे विचारलंन? एकशे पंचाहत्तर पानं ती विहिरीच्या काठाशी बसून एसटीची वेळ बघत्ये. शेवटच्या पानाला हिला अचानक सासरची तुळस आठवली?"

मी म्हणाले, शेवट त्यांचा आहे, आपले काम ऱ्हस्व-दीर्घ बघायचे.

"ते नोकरीचं झालं. वाचणारी म्हणून तुला काय वाटलं ते सांग."

"पटला नाही."

"मग?"

"मग काही नाही. पटला नाही तरी छापायचा असतो."

वहिनी पाने घेऊन वाचू लागल्या. शेवटच्या पानावर त्यांनी वाचले: "तिने भावाला थांबायला सांगितले, पूर्णविराम. आत जाऊन दोन लुगडी पिशवीत घातली, पूर्णविराम. कोणाशी काही बोलली नाही, पूर्णविराम. गाडी यायच्या आत ती फाट्यावर होती, पूर्णविराम. समाप्त."

प्रुफात ही वाक्ये नव्हती. तिथे होते: "'मी इथेच बरी,' ती म्हणाली. भाऊ दिसेनासा होईपर्यंत ती उंबऱ्यावर उभी होती."

मी म्हटले, "इथे उंबऱ्याचं वाक्य आहे."

"ते खोडलंय," वहिनी म्हणाल्या. "बाजूला नवीन लिहिलंय."

मुख्याध्यापकांची खाडाखोड पानोपानी होती. खाडाखोड असेल तिथे मूळ प्रत डोळ्यांनी पाहायची, असा नियम आहे. ते पान गजांतून मागून घेता आले असते. मी घेतले नाही. दोन ओळींवर रेघ मारली आणि समासात चार वाक्ये लिहिली. छापखान्यातल्या जुळाऱ्याने ती खिळ्यांत जुळवली. दुसरे प्रूफ पहिल्या प्रुफाशी ताडून पाहतात, मूळ प्रतीशी नाही. त्यामुळे पुढे ती कोणाला दिसली नाहीत. लेखकाच्या डोळ्याचे त्याच महिन्यात ऑपरेशन झाले होते. प्रुफे त्यांनी पाहिली नाहीत.

प्रकाशन एप्रिलच्या एका रविवारी, संध्याकाळी झाले. पन्नास-साठ माणसे होती. मी मागच्या रांगेत होते. अध्यक्ष कॉलेजातले प्राध्यापक. त्यांनी भाषणाच्या शेवटी कादंबरीचे शेवटचे पान वाचून दाखवले. फाट्याचे वाक्य संपल्यावर बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या, मग सगळीकडून. लेखकांनी मान वळवून अध्यक्षांच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिले.

मग ते बोलायला उठले. भाषण त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून आणले होते. दुसऱ्या कागदावर वाक्य होते: "माझी नायिका घर सोडून जात नाही, हेच तिचे मोठेपण आहे." ते त्यांनी वाचले. सभागृहात कोणीतरी हसले. ते थांबले, घोटभर पाणी प्यायले आणि उरलेले तीन कागद जसेच्या तसे वाचून खाली बसले.

सोमवारी सकाळी ते छापखान्यात आले. जुळाऱ्याने माझ्या अक्षरातले प्रूफ काढून मालकांपुढे ठेवले. लेखकांनी पिशवीतून हस्तलिखित काढले. शेवटच्या पानावर दोन वाक्यांवर पेन्सिलीने सरळ रेघ मारलेली होती आणि समासात पेन्सिलीनेच चार वाक्ये लिहिलेली होती. मी ते पान तेव्हा प्रथम पाहिले.

"हे अक्षर कोणाचं?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"माझं," मी म्हणाले.

मालक म्हणाले, "तीन वर्षं तुझं अक्षर बघतोय मी."

मुख्याध्यापकांनी पान उजेडाकडे धरले. "शाळेत नीट गिरवलेलं अक्षर आहे. तुझं नव्हे. आमच्या कोणा विद्यार्थिनीचंही नव्हे, मी ओळखलं असतं. बाळ, कोण आहे ती?"

दोघेही माझ्याकडे पाहत होते. मालकांनी दार लोटून घेतले. मी सांगितले. वहिनी कोण, कुठे राहतात, पाने कशी दिली, हे सगळे सांगितले. खिडकीचे जे ठरत होते तेही सांगितले. हे बाहेर बोलू नका, असे म्हणाले.

"छे छे," मुख्याध्यापक म्हणाले. "मला तिला फक्त एक प्रश्न विचारायचा आहे."

मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ते शेजारी आले. पडवीवरचे बोलणे आमच्या खोलीत ऐकू येत होते. आवाज रागाचा नव्हता.

"तुमच्या सूनबाईंना वाचनाची जाण आहे," ते वहिनींच्या सासऱ्यांना म्हणाले. "माझ्या पुस्तकात त्यांनी चार वाक्यं घातली. परवा सभेत त्यांनाच टाळ्या पडल्या. माझी तक्रार नाही. मला त्यांना एवढंच विचारायचं आहे, की..."

"कुठून घातलीन?" सासऱ्यांनी विचारले.

मुख्याध्यापक म्हणाले, "ते... शेजारच्या मुलीकडे प्रुफं होती ना. खिडकीतून."

"बरं," सासरे म्हणाले. "चहा घ्या."

चहा सासूबाईंनी आणून दिला. वहिनी बाहेर आल्या नाहीत. मुख्याध्यापक वीस मिनिटांनी गेले.

बुधवारी शुद्धिपत्र छापून झाले: "पान १७६, शेवटच्या चार ओळींऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे." प्रत्येक प्रतीत ते मी चिकटवले. प्रुफे घरी न्यायची परवानगी मालकांनी रद्द केली. चिकटवण्याचे काम संपायला रात्र झाली, म्हणून गुरुवारी त्यांनी मला सुट्टी दिली.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता बोळात गवंडी आला. सासरे त्या दिवशी कलमांवर गेले नाहीत. स्टूल टाकून बोळाच्या तोंडाशी बसले. खालून चिरे चढू लागले. एक वाजता गवंडी जेवायला गेला आणि सासरे आत जाऊन आडवे झाले. तेव्हा वर दोन चिऱ्यांची जागा उरली होती. वहिनी पेटीवर उभ्या राहिल्या असाव्यात. कपाळ आणि डोळे दिसत होते.

"तू सांगितलंस?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"हो."

"अक्षर माझं होतं. दुसरं काय सांगणार होतीस म्हणा." मग म्हणाल्या, "टाळ्या खरंच पडल्या?"

"पडल्या. आधी बायकांच्या."

"काय विचारायचं होतं गो त्या मास्तरांना?"

"माहीत नाही. बोलले नाहीत."

आत कोणीतरी कूस बदलल्यासारखा पलंग वाजला. वहिनी खाली वाकल्या, मग पुन्हा वर आल्या.

"सध्या काय वाचत्येस?"

मी वाचनालयातून आणलेली एक कादंबरी वाचत होते. निम्मी झाली होती. बंदरातल्या गोदामाला आग लागते. तिथला कारकून चौकशीत सांगतो, की आग लागली तेव्हा तो आजारी बहिणीकडे होता. सगळे त्याच्यावर संशय घेतात. मला तो खरा वाटत होता, तसे मी सांगितले.

"बहिणीकडे गेला तेव्हा तिने काय दिलंन खायला?"

"ते लिहिलेलं नाही."

"एवढं सगळं सांगतो आणि बहिणीने काय वाढलंन ते नाही? खोटं बोलतोय."

"तेवढ्यावरून?"

"आजारी बहीणसुद्धा भावाला उपाशी धाडत नाही. तो गेलाच नव्हता तिच्याकडे. वाच तू, मग सांग मला."

मी त्यांना त्या कारकुनाची बाजू सांगत होते. दहा-बारा मिनिटे आम्ही त्यावरच बोललो. मग बोळात चपलांचा आवाज आला आणि वहिनी खाली उतरल्या. गवंड्याने चुना कालवला. पावणेतीन वाजता वरचा चिरा बसला.

ती कादंबरी मी पुढच्या आठ दिवसांत संपवली. दोनशे बाराव्या पानावर बहिणीची साक्ष होते. भाऊ त्या दिवशी आपल्याकडे आला नव्हता, असे ती सांगते.

ते पान वाचले त्या दुपारी शेजारच्या बुजवलेल्या खिडकीला आतून गिलावा चालू होता.