स्तामेना आणि फुकट राबणारी पोरगी

स्तुदेना बारा नावाच्या गावात ब्रेडची गाडी आली की सगळे आपापला ब्रेड घेऊन घरी जायचे. स्तामेना मात्र आधी हातावर तोलून बघायची. हलका लागला तर ड्रायव्हरला चार शब्द सुनवायची. जड लागला तर संशय आणखी वाढायचा. “आतून कच्चा असणार,” म्हणायची. ताकच काय, बाई विहिरीचं पाणीसुद्धा फुंकून पिते, असं तिची शेजारीण त्सेना सांगायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

ही खोड जन्माची नव्हती. तिचा नवरा गेर्गिन हा दार उघडं टाकून झोपणारा माणूस. एकदा सोफियाहून एक पाहुणा आला. जुन्या किल्ल्याच्या दगडांचा अभ्यास करतो म्हणाला. महिनाभर स्तामेनाच्या हातचं जेवला, चीज भरून भाजलेल्या तिच्या बानित्साची तोंड भरून स्तुती केली, आणि गेर्गिनला वाटाड्या म्हणून डोंगरात घेऊन गेला. अभ्यास कसला, रोमन सोन्यासाठी खड्डे खणणं चाललं होतं. पावसाने भिजलेला एक खड्डा गेर्गिनच्या अंगावर ढासळला आणि तो तिथेच गेला. लोक पोचले तेव्हा पाहुण्याची गाडी गावाबाहेर गेलेली होती. त्याने सांगितलेलं नाव तरी खरं होतं का, ते कुणाला कळलं नाही. तेव्हापासून स्तामेना नव्या माणसाची आधी पाठपिशवी बघायची, मग तोंड. शेजारच्या गावातल्या चर्चमधून जुन्या तसबिरी चोरीला गेल्या, तेव्हा आपल्या चर्चची किल्ली गावाने तिच्याच हवाली केली. इतकी भरवशाची संशयी बाई दुसरी नव्हती.

अशा गावात मे महिन्यात ल्यूबेन एका परक्या पोरीला घेऊन आला. ल्यूबेन याच गावचा, मास्तरांचा मुलगा. आता तालुक्याला कसलीशी संस्था चालवायचा. पोरगी बाविसेक वर्षांची, किडकिडीत, आणि पाठीवर तिच्याएवढीच पिशवी.

“ही फिलिपा. पोर्तुगालहून आलीय,” ल्यूबेनने वाचनालयासमोर जमलेल्या बायकांना सांगितलं. “दहा महिने राहणार. मुलांना शिकवेल, वाचनालय सांभाळेल. स्वयंसेविका आहे.”

“पगार कोण देतं?” स्तामेनाने विचारलं.

“पगार नाही मावशी. स्वेच्छेने आलीय. युरोपभर तरुण मुलं अशी जातात.”

“स्वेच्छेने!” स्तामेना म्हणाली. “आम्हीपण सतराव्या वर्षी स्वेच्छेनेच गेलो होतो हो टोमॅटो तोडायला. अख्खी शाळा ट्रकमध्ये भरून नेली होती. जी आली नाही, तिला पुढच्या वर्गात बसू दिलं नाही.”

“तो काळ गेला, मावशी.”

“काळ गेला, पण टोमॅटो अजून आहेतच की.”

बायका हसल्या. ल्यूबेनही हसला. फिलिपा काही न कळता हसली, आणि नेमकं तेच स्तामेनाला खटकलं. न कळता हसणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाहीतर फार हुशार.

संध्याकाळी बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलताना तिने त्सेनापुढे मन मोकळं केलं. “आपली पोरं पोट भरायला त्यांच्या मुलखात जातात. आणि त्यांची पोरगी इथे फुकट राबायला येते? ही उलटी गंगा तुला पटते?”

“अगं, येत असतील. पोटं भरली की लोकांना पुण्य सुचतं.”

“पुण्य करायला तिकडे म्हातारी माणसं नाहीत? कुठेतरी पाणी मुरतंय, त्सेना.”

मग ती पाळतच ठेवायला लागली. मुलांसाठी वाचनालय उघडायचं दुपारी चारला. पण जून सरत आला तसं एक लक्षात आलं. पोरगी सूर्य उगवायच्या आधी पिशवी घेऊन बाहेर पडते आणि डोंगराची वाट धरते. गेर्गिन जायचा तीच वाट. उन्हं कडक झाली की परत येते ती पाय ओढत. नखांत माती, हातांवर ओरखडे. एकदा तिने खाणाखुणा करून चर्च आतून बघायचंय असं सांगितलं.

“किल्ली हरवलीय,” स्तामेना म्हणाली. किल्ली तिच्या गळ्यात होती, झग्याच्या आत.

त्या दिवसापासून तिची खात्रीच पटली. आधी तसबिरींची चौकशी, मग डोंगरात उकराउकर. पोलिसांत जायचं तर पुरावा हवा. म्हणून एका पहाटे तिने डोक्याला रुमाल बांधला, रानओवा खुडायला निघाल्यासारखं दिसावं म्हणून टोपली घेतली आणि बरंच अंतर राखून पोरीच्या मागे निघाली. चढावर दम लागला तरी थांबली नाही. वाटेत दोनदा पोरीने मागे वळून पाहिलं, आणि दोन्ही वेळा स्तामेना झुडपाशी वाकून ओवा खुडायला लागली.

पण किल्ल्याकडची वाट सोडून फिलिपा खिंडीतून पलीकडे उतरली. तिथे जुन्या सहकारी संस्थेची जमीन होती. कितीतरी वर्षं पडीक असलेल्या त्या जमिनीवर आता तारांवर चढवलेल्या रासबेरीच्या ओळीच ओळी उभ्या होत्या, लालभडक. ओळींमधून फिलिपा आणि शहरातून गाडीने आणलेली तिच्याच वयाची आणखी तीन पोरं वाकून फळं तोडत होती. अक्रोडाच्या सावलीत ल्यूबेनचा मेव्हणा खुर्ची टाकून बसला होता आणि ओरडत होता, “चला, हात उचला! ऊन चढलं की फळ मऊ पडतं!”

स्तामेना झुडपामागे खालीच बसली. खड्डा नाही, कुदळ नाही, सोनं नाही. होते ते टोमॅटोच, फक्त रंगरूप बदललेले. तिला हसूही आलं आणि गेर्गिनच्या नावाने इतके दिवस भलत्याच पोरीचा राग केला म्हणून कसंसंही झालं. पण संशय असा एका सकाळीत जात नाही. ही पोरगी यात सामील नसेल कशावरून?

संध्याकाळी तिने फिलिपाला घरी बोलावलं. घेवड्याचं सूप, पांढरं चीज आणि कांदा पुढे ठेवला आणि दाराला कडी लावली. पोरीने कडीकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

“खा. विष नाही घातलेलं,” स्तामेना म्हणाली. “ल्यूबेनच्या मळ्यात काय करतेस?”

“प्रोजेक्ट,” फिलिपा म्हणाली. दोन महिन्यांत तिला मोडकंतोडकं बोलता यायला लागलं होतं. “ल्यूबेन सांगतो, गावचं जीवन शिकायचं. निसर्ग. रोज सकाळी.”

“आणि तुझ्या घरी काय सांगितलंस?”

“मुलांना शिकवते. पुस्तकं लावते.” पोरगी थोडं थांबली. मग एकदम म्हणाली, “तू का माझ्या मागे येते? मला माहीत. तू ल्यूबेनचा माणूस. तू त्याला सगळं सांगते.”

स्तामेना बघतच राहिली. आयुष्यभर तिने जगावर संशय घेतला होता. आपल्यावर कुणी संशय घ्यावा, हा अनुभव तिला नवा होता. आणि खरं सांगायचं तर पोरीबद्दल पहिल्यांदा थोडं बरं वाटलं ते तेव्हाच. निदान अगदीच भोळी नाही.

“मी कुणाची माणूस नाही,” ती म्हणाली. “खा आता. उद्या नेहमीसारखीच जा मळ्यात. मीही येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात फिलिपाच्या मागोमाग सहा म्हाताऱ्या उतरल्या. पुढे स्तामेना, मागे त्सेना, प्रत्येकीच्या हातात बादली. कुणाला काही न विचारता त्या ओळींत घुसल्या आणि भराभर फळं तोडायला लागल्या. मेव्हणा खुर्चीतून उठून धावत आला.

“अहो, काय चाललंय हे? कोणी बोलावलं तुम्हाला?”

“कोणी कशाला बोलवायला हवं?” त्सेना म्हणाली. “स्वेच्छेने आलोय.”

मेव्हण्याने फोन लावला. ल्यूबेन आला तोवर बादल्या अर्ध्याच्या वर भरल्या होत्या आणि बायकांनी खाल्लेली फळं वेगळीच. त्याने रागावर साखर पेरून सुरुवात केली. “स्तामेनामावशी, या वयात कशाला त्रास घेता?”

“त्रास कसला रे बाळा? गावचं जीवन शिकतोय. निसर्गपण.”

“बरं, बरं. पण त्या बादल्या तिकडे क्रेटमध्ये ओता.”

“क्रेटमध्ये का? आम्ही घरी नेणार. प्रोजेक्ट आहे ना? युरोपचा आहे, म्हणजे सगळ्यांचाच झाला.”

ल्यूबेनचा आवाज चढला. “मावशी, थट्टा पुरे! मळा माझा आहे. माझी रोपं, माझा माल!”

“हां,” स्तामेना म्हणाली आणि सावकाश कंबर सरळ केली. “आता खरं बोललास.”

त्या तीन पोरांत एक पोलंडचा होता. त्याला ल्यूबेनची भाषा बऱ्यापैकी कळायची. ते वाक्य त्याने बाकीच्यांना समजावून सांगितलं. मग फिलिपाने कंबरेची टोपली सोडली आणि ओळीच्या मधोमध जमिनीवर ठेवून दिली. बाकीच्यांनीही ठेवल्या.

पुढचं काम त्या पोरांनीच केलं. पोलंडच्या मुलाने स्वयंसेवकांचं काम बघणाऱ्या राजधानीतल्या मोठ्या कचेरीला कळवलं, तिथून दोन बायका आल्या, पोरांच्या राहायच्या खोल्या बघून गेल्या, प्रत्येकाशी वेगळं बसून बोलल्या. ल्यूबेनच्या संस्थेकडून पोरं काढून घेतली. पोलंडचा मुलगा थेट घरी गेला, बाकी दोघं दुसऱ्या गावी. गावात मात्र सगळेच खूश नव्हते. ल्यूबेन हिवाळ्यात रस्ता मोकळा करायला ट्रॅक्टर पाठवायचा. त्या वर्षी पाठवला नाही, आणि बर्फ पडला तसे काही जण स्तामेनाला बोल लावायला लागले. “तुला काय गरज होती? पोरगी कोण लागते तुझी?” रस्ता बंद झाल्यावर ब्रेडची गाडी चार चार दिवस यायची नाही, आणि तिने ते निमूटपणे सोसलं.

फिलिपा मात्र कचेरीची परवानगी काढून गावातच राहिली. वाचनालय आता तिने खरंच चालवायला घेतलं. ती राहायची त्या वाचनालयावरच्या खोलीत उबेसाठी स्टोव्ह नव्हता, म्हणून नोव्हेंबरात ती स्तामेनाच्या मागच्या खोलीत राहायला आली. पहिला आठवडाभर स्तामेना पाकीट उशाखाली घेऊन झोपली. फिलिपाही आतून दाराला कडी लावायची. दोघींना हे माहीत होतं आणि दोघींनीही कधी विषय काढला नाही. लाकडं फोडणं, पत्ते खेळणं, पत्त्यांत एकमेकींची लबाडी पकडणं, असा हिवाळा सरला.

मार्चमध्ये मुदत संपली. निघायच्या सकाळी स्तामेनाने चहा ओतला आणि दहा महिने पोटात ठेवलेला प्रश्न शेवटी विचारला. “आता तरी खरं सांग. तू का आली होतीस?”

फिलिपाने कप दोन्ही हातांनी धरला. “खरं सांगू, मावशी? नोकरी मिळत नव्हती. वडिलांशी रोज भांडण व्हायचं. एकाच घरात राहणं अशक्य झालं होतं. फुकट खोली आणि जेवण मिळतंय असं कळलं, म्हणून आले. कुठे, ते मी नीट वाचलंसुद्धा नव्हतं.”

स्तामेनाचा चेहरा खुलला. एवढा मोकळा चेहरा फिलिपाने कधी पाहिला नव्हता.

“मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, मेले?” ती म्हणाली. “तेव्हाच विश्वास ठेवला असता!”